बडोदा–मुंबई रेल्वे: धूर घटला, टाकीचं काय?

बडोद्याहून मुंबईला जाणाऱ्या एलएचबी (जर्मन आराखड्याच्या नव्या) डब्यांच्या गाड्यांचं हे परीक्षण फक्त वीज आणि शौचालय यांपुरतं आहे. वेळापत्रक आणि चहा यांवर इतरत्र पुष्कळ बोललं जातं. पाचपैकी साडेतीन तारे.

विजेला जवळजवळ पूर्ण गुण. पूर्वी एसी, पंखे आणि दिव्यांसाठी रेकच्या, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या संचाच्या, दोन्ही टोकांना जनरेटरची पॉवर कार असायची. म्हणजे इंजिन विजेवर धावतंय आणि मागेपुढे डिझेल जळतंय! आता हेड ऑन जनरेशनमध्ये, म्हणजे इंजिनाकडूनच डब्यांना वीज देण्याच्या पद्धतीत, डब्ल्यूएपी-7 इंजिनातले कन्व्हर्टर 25 केव्हीच्या ओव्हरहेड तारेतली वीज 750 व्होल्ट, थ्री-फेज करून डब्यांना देतात. एक पॉवर कार राखीव असते. कन्व्हर्टर ट्रिप झाला किंवा इंजिन आणि रेकमधला वीज जोडणारा कप्लर नीट बसला नाही, की तिचा जनरेटर सुरू करावा लागतो. फलाटावर पॉवर कारजवळ घरघर आणि धूर असेल, तर तेवढा वेळ बचत शून्य. वाटेत न्यूट्रल सेक्शनला, म्हणजे ओव्हरहेड तारेच्या वीज नसलेल्या छोट्या तुकड्याखाली, दिवे क्षणभर मंदावतात. तो बिघाड नव्हे.

याच इंजिनाच्या मोटारी ब्रेक लावताना वीज बनवून तारेत परत पाठवतात. मात्र लोको पायलटने स्टेशनाच्या बऱ्याच आधीपासून वेग उतरवत आणला तरच. ऐनवेळी एअर ब्रेक दाबले, तर ती ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते, वर पॅडही झिजतात. आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशाची आहे, त्यामुळे ही परतफेड क्षुल्लक नाही.

गुण कापले ते शौचालयात. बायो-टॉयलेटमुळे मैला रुळांवर पडायचा थांबला, हे मोठंच काम. डब्याखालच्या टाकीत हवेविना जगणारे जिवाणू मैल्याचं पाणी आणि वायू करतात. पाणी क्लोरीनच्या कप्प्यातून बाहेर पडतं. जिवाणूंना मैला पचतो. गुटख्याची पुडी, बाटली, डायपर आणि सॅनिटरी पॅड पचत नाहीत. हे सगळं भांड्याखालच्या वळणदार नळीत अडकतं, तुंबतं, मग कुणीतरी ॲसिड ओतून मोकळं करतं. पांढरं शुभ्र भांडं आणि खाली मेलेली टाकी! त्यानंतर बाहेर पडतं ते जवळपास कच्चं सांडपाणी, आणि टाकीत जिवाणूंचं नवं कल्चर भरावं लागतं.

रेल्वेने इथे खर्चिक काहीच करायचं नाही. शौचालयात झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवायचा, तो वाटेत रिकामा करायचा, आणि सफाईच्या कंत्राटात ॲसिडला सरळ बंदी घालायची. यातलं दुसरं सगळ्यात कच्चं राहतं: वापीपर्यंत डबा ओसंडला, की पुढचा सगळा कचरा भांड्यातच.

तुंबलेलं दिसलं तर 139 वर किंवा रेलमदद ॲपवर पीएनआर, डबा क्रमांक आणि शौचालय डब्याच्या कोणत्या टोकाला आहे ते कळवा. टोक सांगितलं नाही, तर सफाईवाला अर्धा वेळ शोधण्यातच घालवतो.