‘राइचस किल’: दोन दिग्गज आणि एक फसलेले रहस्य

अलका, राहुल आणि कॅम्पातले वेस्ट एंड या थिएटरांत इंग्रजी चित्रपट पाहत वाढलेल्या माझ्या पिढीतल्या पुणेकरांना रॉबर्ट डी निरो आणि अल पचिनो ही दोन नावे एकत्र दिसली, की दुसरे काही विचारावे लागत नसे. तरीही २००८ सालचा ‘राइचस किल’ माझा पाहायचा राहून गेला होता. गेल्या रविवारी प्रभात रस्त्यावर एका मित्राकडे, दिवाणखान्याच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून, आम्ही आठ-दहा जणांनी तो पाहिला, आणि इतक्या मोठ्या आशेने बसून इतक्या जड मनाने उठण्याची वेळ माझ्यावर फार क्वचित आली आहे.

ही आशा अवाजवी नव्हती. ‘द गॉडफादर’च्या १९७४ सालच्या दुसऱ्या भागात दोघेही होते, पण एकाने तरुणपणीचा बाप आणि दुसऱ्याने त्याचा मोठा झालेला मुलगा साकारल्यामुळे त्यांचा एकत्र प्रसंग असणे शक्यच नव्हते. पुढे १९९५ मध्ये मायकल मान यांच्या ‘हीट’मध्ये ते समोरासमोर आले, तेही मोजक्या वेळापुरते. ‘राइचस किल’मध्ये मात्र ते जवळजवळ पूर्ण वेळ खांद्याला खांदा लावून वावरतात. शिवाय पटकथा रसेल गेवर्ट्झ यांची, ज्यांनी आधी ‘इनसाइड मॅन’सारखी घट्ट विणीची गोष्ट लिहिली होती. दिग्दर्शन जॉन ॲव्हनेट यांचे आहे.

टर्क आणि रूस्टर हे न्यूयॉर्क पोलिस दलातले, वर्षानुवर्षे जोडीने काम केलेले दोन डिटेक्टिव्ह. कायद्याच्या हातून निसटलेल्या गुन्हेगारांचे एकामागून एक खून पडू लागतात, प्रेताजवळ कवितेच्या चार ओळी सापडतात आणि संशयाची सुई हळूहळू पोलिसांकडेच वळते. चित्रपट सुरू होताच डी निरोचा टर्क कॅमेऱ्याकडे पाहत चौदा खुनांची कबुली देतो. रहस्य मी येथे फोडणार नाही, पण ते फोडायला फारसे कोणी लागतही नाही. जेमतेम वीस मिनिटे झाली असतील, तेवढ्यात मित्राची बारावीतली नात माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, ‘आजोबा, हा खरं सांगत असता तर पिक्चर इथेच संपला नसता का?’ तिच्या या एका प्रश्नापुढे उरलेला चित्रपट टिकत नाही.

प्रेक्षकाला चकवणे हा रहस्यपटाचा हक्कच आहे. पण चकवताना सगळे पुरावे त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलेले असावेत, ही त्यातली सचोटी. येथे पुरावे दाखवलेच जात नाहीत. हत्येच्या क्षणी कॅमेरा मारेकऱ्याचा चेहरा टाळतो, प्रसंग मध्येच तुटतो, आणि दिग्दर्शक आपल्यापासून काहीतरी लपवत आहे एवढेच आपल्याला कळत राहते. या लपवालपवीचा सर्वांत मोठा फटका नटांना बसला आहे. पात्राच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाला कळू द्यायचे नाही, असे बंधन घातल्यावर डी निरोच्या डोळ्यांना आणि पचिनोच्या आवाजाला काम तरी काय उरणार? ‘हीट’मधला कॉफीचा प्रसंग आठवून पाहावा. तेथे समोरचा चोर आहे हे पोलिसाला माहीत असते, समोरचा पोलिस आहे हे चोराला माहीत असते आणि दोघेही तसे उघड बोलतात. कोणापासून काहीही लपवलेले नसताना, केवळ टेबलाच्या दोन बाजूंना बसून ही दोन माणसे अंगावर काटा आणतात. ते सामर्थ्य ‘राइचस किल’ला हाती असूनही वापरता आलेले नाही.

मला अधिक खटकले ते खुनांचे हलकेपण. आमच्या पिढीने या शहरात १९७६-७७ चे जोशी-अभ्यंकर हत्याकांड जवळून अनुभवले आहे. जानेवारी १९७६ पासून मार्च १९७७ पर्यंत दहा माणसे मारली गेली, आणि दिवेलागणीनंतर पेठांतले रस्ते ओस पडू लागले. एरवी दिवसभर सताड उघडे असणारे आमच्या वाड्याचे दार आई संध्याकाळीच अडसर घालून बंद करी आणि ओळखीचा आवाज आल्याशिवाय उघडत नसे. चौघा आरोपींना येरवड्यात फाशी झाली ती १९८३ च्या नोव्हेंबरात, पण ते दार बंद होण्याचा आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. दहा खुनांनी एका शहराचे काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना चौदा खुनांनंतरही न्यूयॉर्कमध्ये कोणाची साधी झोपमोड झालेली दिसू नये, हे पटणे अवघड आहे. मेलेले सगळे वाईटच होते, असे गृहीत धरून चित्रपट पुढे सरकतो. त्यांच्या मागे राहिलेल्यांकडे तो फारसा पाहत नाही.

बाकीच्या मोठ्या नावांबद्दल थोडक्यातच लिहिता येईल. जॉन लेग्विझामो आणि डॉनी वॉलबर्ग तरुण डिटेक्टिव्हच्या भूमिकांत तडफ दाखवतात, ब्रायन डेनेही यांच्या वाट्याला साचेबंद वरिष्ठ अधिकारी आला आहे, आणि कार्ला गुगिनोसारख्या समर्थ अभिनेत्रीचे पात्र ज्या पद्धतीने वापरले आहे ती मला अप्रतिष्ठेची वाटली.

दोघा नायकांच्या आपसातल्या थट्टामस्करीत मात्र खरी ऊब आहे. दीर्घ सहवासातून येणारी, अर्धे वाक्य बोलून सोडून देण्याची सवय ते सहज दाखवतात. आणि पटकथेत एक बीज खरोखर मोलाचे होते. लहान मुलीच्या खुनातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाला अडकवण्यासाठी टर्क खोटा पुरावा पेरतो आणि रूस्टर त्याला साथ देतो. आयुष्यभर कायद्याची चाकरी केलेल्या दोन वृद्ध मित्रांपैकी एकाने तो कायदा मोडला आणि दुसऱ्याने ते पाहिले, तर त्यानंतर रोज सकाळी एकाच गाडीत शेजारी बसताना त्यांच्यात काय बोलणे होत असेल? मला तो चित्रपट पाहायचा होता. या दोघांकडून तो पाहण्यासाठी मी कविता, कबुली आणि शेवटचा धक्का हे सारे आनंदाने सोडून दिले असते.