कॅरिझो खुंटावरची संत्र्याची कलमं: कोणत्या वावरात घ्यावी, कोणत्यात नाही

कळमेश्वरकडच्या एका खाजगी नर्सरीतून आम्ही नागपुरी संत्र्याची कलमं आणली होती, कॅरिझो खुंटावर बांधलेली. खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग; वर संत्र्याची फूट असते. झाडं आता फळावर आली आहेत, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. मुरमाड, निचऱ्याच्या वावरात ही कलमं बिनधास्त लावा. चुनखडीच्या भारी काळ्या जमिनीत कोणी फुकट दिली तरी लावू नका.

आपल्याकडे कलम घ्यायला गेलेला माणूस वरची फूट बघतो, उंची बघतो, भाव पाडतो आणि गाडी भरतो. खुंट कोणता, हे विचारत नाही. विदर्भात खुंट म्हणजे जंबेरी, फार तर रंगपूर, दोन्ही आंबट लिंबूवर्गी झाडं. जंबेरी वाढीला जोरदार आहे, पण फायटोफ्थोरा बुरशीपुढे टिकत नाही. सासऱ्यांनी लावलेली अर्धी बाग डिंक्यानेच, म्हणजे याच बुरशीच्या रोगाने गेली. बुंध्याशी साल काळी पडायची, डिंक ओघळायचा आणि एका उन्हाळ्यात अख्खं झाड शेंड्याकडून वाळत यायचं. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावून काही झाडं तगली, बाकीची उपटावी लागली. त्याच जागी पुन्हा जंबेरी लावायची तर बुरशी मातीत बसलेलीच आहे. म्हणून मी वेगळा खुंट शोधत होते.

कॅरिझो हा संकर आहे. एका बाजूला वॉशिंग्टन नेव्हल जातीची मोसंबी, दुसऱ्या बाजूला ट्रायफोलिएट ऑरेंज नावाचं काटेरी, पानगळीचं, थंडी सोसणारं झाड. हा संकर अमेरिकेत 1909 साली झाला, आणि तोही खुंटासाठी नव्हे. फ्लोरिडात 1894-95 च्या हिवाळ्यात बागा गोठून मेल्या होत्या, तेव्हा थंडीत टिकणारं खाण्याजोगं फळ हवं होतं. फळ खाण्यालायक निघालं नाही. पण मुळं फायटोफ्थोराला बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि ट्रिस्टेझा विषाणूलाही सोसतात, हे पुढे लक्षात आलं आणि झाडाचं नशीब पालटलं.

लिंबूवर्गात संकर करणं किती चिकाटीचं काम आहे, हे मला नर्सरीच्या मालकांनीच समजावलं. फूल उमलायच्या आत पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, पिशवी बांधायची. एवढं करूनही एका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, कारण ती आईच्याच पेशींपासून तयार झालेली असतात. खरा संकर त्या गर्दीत हरवतो. ट्रायफोलिएटचा पराग वापरला की मात्र सोय होते. त्याचं तीन पानांचं लक्षण प्रबळ आहे, म्हणून वाफ्यात ज्या रोपाला त्रिदल पान दिसेल ते संकराचं, एकेरी पानाचं ते आईचं. पुढे ते रोप बुरशीत, चुनखडीत, पाण्याच्या ताणात तपासायचं, त्यावर संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) भरून सांधा जुळतो का बघायचं, कित्येक बहार मोजायचे. एका माणसाची नोकरी यात सहज संपते. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तीन पानांची हीच खूण आपल्यालाही उपयोगी पडते. लावणीनंतर पहिल्या पावसात सांध्याखालून फुटवे आले, तेव्हा आमचा गडी धावत आला. म्हणाला, ‘बाई, हे तं बेलावानी फुटून रायलं!’ खरंच, एका देठावर तीन पानं, मधलं मोठं, बाजूची दोन लहान. त्याच क्षणी खात्री पटली की खुंट सांगितला तोच आहे. जंबेरीच्या फुटव्याला एकेरी पान येतं. तुम्हीही नर्सरीत गेलात तर एखाद्या कलमाचा खालचा फुटवा शोधा आणि मगच पैसे द्या. बागेत मात्र असे फुटवे दिसताक्षणी काढायचे.

आम्ही कलमं मुद्दाम दोन पट्ट्यांत लावली. वरच्या मुरमाड पट्ट्यात झाडं आटोपशीर वाढली आहेत, अजून एकाही बुंध्यावर डिंक नाही. फळ जंबेरीवरच्यापेक्षा थोडं लहान, पण साल पातळ आणि गोडी ठसठशीत. जंबेरीवर पहिल्या वर्षांत जी फोफशी, जाड सालीची फळं मिळतात, ती इथे दिसली नाहीत. बहारासाठी पाणी तोडून ताण देताना मात्र सांभाळावं लागतं. ही झाडं पाण्यासाठी लवकर मान टाकतात. ठिबक नसेल तर रंगपूरच बरा.

खालच्या पट्ट्यात चित्र उलटं. तिथल्या मातीवर पातळ आम्ल टाकलं की फसफसते, इतकी चुनखडी. नवी पालवी आली की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळाधमक. चुन्याच्या जमिनीत लोह असूनही ते या खुंटाला उचलता येत नाही. फेरस सल्फेट फवारलं की पानं काही दिवस हिरवी होतात, पुढची पालवी पुन्हा पिवळी. हा दोष नर्सरीचा नाही, खुंटाचा आहे, ट्रायफोलिएटकडून आलेला. आणि तो त्यांनी विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगितला होता.

खुंटाच्या गुणासोबत त्याची अटही येते, चेरीतही हीच गोष्ट आहे. जर्मनीतल्या गीसेनमध्ये आंबट चेरी आणि दुसऱ्या एका रानटी जातीच्या संकरातून गिझेला 5 खुंट निघाला. झाडं बुटकी राहतात, लवकर फळतात, पण सुपीक माती आणि नियमित पाणी मागतात. शिवाय बी लावून तो खुंट तसाच्या तसा मिळत नाही, छाट कलमं किंवा ऊतीसंवर्धन लागतं. कॅरिझोचं बी बहुतांशी आईसारखंच रोप देतं, म्हणून लहान नर्सरीवालाही तो वाढवू शकतो.

आता नर्सरीबद्दल. सांधे वीतभर उंचीवर होते, त्यामुळे लावताना ते मातीत गाडले जात नाहीत. डोळकाडी (जिच्यावरचे डोळे कलमाला घेतात ती फांदी) तपासलेल्या मातृवृक्षांची आहे का, हे मी खोदून विचारलं. कॅरिझोसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा. एक्झोकॉर्टिस नावाचा रोग जंबेरीवर लपून राहतो, पण ट्रायफोलिएट रक्ताच्या खुंटाची साल फाडतो. मालकांनी मातृवृक्षांची नोंदवही पुढ्यात ठेवली. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याचं सूक्ष्म कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात, त्यामुळे नागपूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायला संकोच नको.

तक्रार एकच, पण गंभीर. काही पिशव्यांत सोटमूळ तळाशी गोल गुंडाळलेलं निघालं. रोप लहान पिशवीत जास्त दिवस ठेवलं की असं होतं, आणि असं झाड पुढे वाऱ्याला उभं राहत नाही. फोन केल्यावर तेवढी कलमं बदलून दिली, वाहतूक मात्र आमच्या खिशातून. गादीवाफ्यावरच्या जंबेरी कलमाच्या दुपटीहून जास्त भाव घेता, तर पिशवी लांब वापरायलाच हवी. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

मुरमाड पट्ट्यातल्या तुटाळीसाठी, म्हणजे रिकाम्या जागा भरायला, येत्या पावसाळ्याची नोंदणी मी तिथेच केली आहे, या अटीवर की गाडी भरण्याआधी काही पिशव्या फाडून मुळं दाखवायची. खालच्या पट्ट्यात रंगपूर लावणार.