फ्लेअर नट पाना: जुन्या गाडीच्या फ्युएल फिल्टरसाठी घ्याच

जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीने कोकणातले पावसाळे काढले असतील तर खालच्या फ्युएल फिल्टरचे नट असे गंजून बसतात की साध्या पान्याने नुसते कोपरे झिजतात. ह्या पान्याच्या रिंगला पाइप आत जाईल एवढी फट आहे, त्यामुळे नट ५ बाजूंनी धरतो. रात्री डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेवलं, सकाळी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं (नाहीतर प्रेशरने पेट्रोल तोंडावर येतं बरं का), फिल्टर दुसऱ्या पान्याने धरला आणि नट कट्ट करून सुटला एकदाचा! आतून चहासारखं काळपट पेट्रोल निघालं. पॉलिश मात्र भंगार, दांडा पण आखूड, हाताला रग लागते. तरी पैसे वसूल. आणि हो, नवीन फिल्टरवरचा बाण इंजिनकडेच ठेवा.