आठ महिने फायरफॉक्स: ‘नाही’ म्हणताना कारण सांगणारा ब्राउझर

मी ब्राउझर बदलला तो एका तारखेमुळे. 1 मार्च 2001.

शिकताना काढलेल्या नोंदी ठेवायला मी स्वतःपुरतं एक छोटं वेब ॲप लिहिलं आहे. नोंदीच्या पहिल्या ओळीत तारीख असली तर नोंद त्या क्रमाने लागते, नसली तर तळाशी जाते. ओळ म्हणजे तारीख आहे की नाही हे ठरवायचं काम मी जावास्क्रिप्टच्या (वेब पानांच्या प्रोग्रामिंग भाषेच्या) ‘डेट’ या तयार सोयीवर सोपवून मोकळा झालो होतो. मग एक दिवस ‘चॅप्टर 3’ या नावाची नोंद थेट 2001 सालच्या मार्चमध्ये जाऊन बसली आणि ‘चॅप्टर 4’ एप्रिलमध्ये. दोन रात्री मी सॉर्टिंगचा कोड ओळीओळीने तपासला. त्यात काहीच चुकलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीच्या मशीनवर तेच पान उघडलं. तिच्याकडे फायरफॉक्स होता. तिथे तारखेच्या जागी स्वच्छ लिहून आलं, ‘इनव्हॅलिड डेट’, म्हणजे ही तारीखच नाही. ते दोन शब्द वाचले आणि सगळं उलगडलं. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, एकच तारखेची पद्धत सगळ्यांवर बंधनकारक आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि तेही ठरलेल्या अंकसंख्येत. ती सोडून काहीही दिलं तर काय करायचं हे ज्या-त्या ब्राउझरवर सोडलेलं आहे. माझ्या आधीच्या ब्राउझरने अनोळखी शब्द बाजूला टाकला, 3 हा महिना धरला आणि वर्षाच्या जागी 2001 भरलं. नियमाने त्यालाही चूक म्हणता येत नाही. पण माझ्या दोन रात्री गेल्या त्या त्याने सांभाळून घेतल्यामुळे. त्याच संध्याकाळी फायरफॉक्स उतरवला.

पहिले तीन आठवडे फार काही वेगळं वाटलं नाही. टॅब, बुकमार्क, वेग यांबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मला लिहायचं आहे एका लहानशा चिन्हाबद्दल, कारण माझं निम्मं सीएसएस (पान कसं दिसावं हे सांगणारी भाषा) त्याने शिकवलं.

इन्स्पेक्टरमध्ये (पानाची आतली बाजू दाखवणाऱ्या ब्राउझरच्या खिडकीत) सीएसएस नियमांच्या यादीत एखादी ओळ फिकट दिसते आणि तिच्या शेवटी गोलातला ‘आय’ असतो. ही ओळ लिहिली आहे खरी, पण इथे तिचा काही परिणाम होत नाही, असा त्याचा अर्थ. त्यावर माउस नेला की कारण येतं. ‘व्हर्टिकल-अलाइन’ का चालत नाही? कारण हा घटक इनलाइन (ओळीतल्या शब्दांसारखा बसणारा) नाही आणि टेबलचा कप्पाही नाही. ‘विड्थ’ (रुंदी) का लागत नाही? कारण घटक इनलाइन आहे. ‘झेड-इंडेक्स’ (कोण कोणाच्या वर दिसेल तो आकडा) दहा हजार करूनही डबा वर का येत नाही? कारण त्याला ‘पोझिशन’च दिलेली नाही. शिवाय काय बदललं तर चालेल हेही खाली एका ओळीत असतं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये, आवृत्ती 70 मध्ये ही सोय आली.

हे चिन्ह भेटण्याआधी मी सीएसएस कसं लिहायचो? एक ओळ टाकायची, काही झालं नाही तर दुसरी टाकायची, ती चालली तर पहिली तशीच ठेवायची. माझ्या जुन्या स्टाइलशीट्स अशा मेलेल्या ओळींनी भरल्या आहेत. त्यातली एक फाइल मी या महिन्यांत पूर्ण धुऊन काढली. 412 ओळींच्या 236 झाल्या आणि पानात एका पिक्सेलचा फरक पडला नाही. शिकवण्यांमध्ये प्रत्येक गुणधर्म काय करतो हे सांगतात. तो कधी काहीच करत नाही, हे मला या चिन्हाकडून कळलं.

मध्ये एक दुरुस्ती करतो. सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की असं चिन्ह फक्त फायरफॉक्समध्ये आहे. ते आता खरं नाही. क्रोमच्या टूल्समध्येही अशा सूचना येतात. पण मला ते इथे भेटलं, म्हणून माझं श्रेय इथेच जाणार.

दुसरी दुरुस्ती मोठी आहे. दोन-तीन महिने वापरल्यावर माझं मत असं झालं होतं की ब्राउझर कडकच हवा. चुकलं की थांबवा, लाल पाटी दाखवा, म्हणजे लोक नीट लिहायला शिकतील. मग एका पानावर परिच्छेदाखाली नको असलेली रिकामी जागा दिसायला लागली. मार्जिन शून्य करूनही हटेना. शेवटी व्ह्यू सोर्स (पानामागचा मूळ कोड) उघडलं, तर माझा ‘पी’ (परिच्छेद) बंद करणारा टॅग लाल दिसत होता. माउस नेल्यावर संदेश आला: ‘पी’ संपवणारा टॅग दिसतो आहे, पण उघडा ‘पी’ कुठेच नाही. मी ‘पी’च्या पोटात ‘डिव्ह’ (नुसता डबा) घातला होता. एचटीएमएलच्या (पानाची रचना लिहायच्या भाषेच्या) नियमाप्रमाणे ‘डिव्ह’ दिसताक्षणी ‘पी’ आपोआप बंद होतो. नंतर आलेल्या एकट्या बंद करणाऱ्या टॅगमधून ब्राउझर एक नवा, रिकामा ‘पी’ तयार करतो. ती जागा त्या रिकाम्या परिच्छेदाची होती.

म्हणजे इथे फायरफॉक्सनेही माझी चूक सांभाळूनच घेतली होती! मग मी हे मुळापासून वाचलं. तुटक्या एचटीएमएलचं काय करायचं हे प्रमाणात पायरीपायरीने लिहून ठेवलं आहे, म्हणून सगळे ब्राउझर ती एकाच पद्धतीने दुरुस्त करतात. कडकपणाचा प्रयोगही होऊन गेला आहे. एक्सएचटीएमएल (एचटीएमएलचं कडक नियमांचं रूप) खऱ्या अर्थाने एक्सएमएल (चूक खपवून न घेणारी लेखनपद्धत) म्हणून पाठवलं, तर एका चुकलेल्या टॅगला पानाऐवजी त्रुटीचा संदेश दिसतो. 2004 मध्ये ॲपल, मोझिला (फायरफॉक्सची संस्था) आणि ऑपेराच्या लोकांनी वेगळा गट करून जुन्या एचटीएमएललाच पुढे न्यायला घेतलं, आणि 2009 मध्ये एक्सएचटीएमएल 2 चं काम थांबवायचं जाहीर झालं.

हे वाचताना मला माझं पहिलं पान आठवलं. त्यात एकही टॅग धड बंद केलेला नव्हता, तरी ते पडद्यावर दिसलं, आणि ते दिसलं म्हणून मी पुढचं लिहिलं. लाल पाटी आली असती तर मी तिथेच सोडून दिलं असतं. त्यामुळे आता माझं मत बदललं आहे. वाचणाऱ्याला पान दिसलंच पाहिजे. लिहिणाऱ्याने मागची बाजू उघडली तर तिथे चूक लाल रंगात, कारणासकट लिहिलेली असली पाहिजे. तारखेच्या भानगडीत मला छळलं ते हेच: दुरुस्ती झाली, पण तिची खूण कुठेच उरली नाही.

आता सगळ्यात जास्त चिडवणारा प्रसंग. एका संस्थेचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. पान उघडताच पाटी आली: तुमचा ब्राउझर चालणार नाही. का नाही, कुठली गोष्ट कमी पडते, काही नाही. मदतीला लिहिलं तर उत्तरात तीच पाटी चिकटवून आली. मी डेव्हलपर टूल्समधल्या रिस्पॉन्सिव्ह मोडमध्ये गेलो, तिथे यूजर एजंटची ओळ (ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो ती) बदलता येते, ती दुसऱ्या ब्राउझरची टाकली आणि पान पुन्हा लोड केलं. अर्जाची चारही पानं भरली गेली, फोटो चढला, पोचपावतीची पीडीएफही उतरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवत फायरफॉक्सच होता, बदललं होतं ते फक्त नाव. कोणीतरी एक ‘इफ’ (कोडमधली अट) लिहून हजारो लोकांना दारातून परत पाठवतं आणि त्यांना कारणही देत नाही, याचा मला अजून राग आहे.

यूजर एजंटची ही ओळ वाचायला लागलो तेव्हा कळलं की रोग जुना आहे. आज जवळपास प्रत्येक ब्राउझर स्वतःची ओळख ‘मोझिला/5.0’ अशी सुरू करतो. मोझिला हे नेटस्केपचं आतल्या गोटातलं नाव. नव्वदीत काही साइट्स फ्रेम्स (एकाच खिडकीत अनेक पानांचे कप्पे) असलेली पानं फक्त हे नाव सांगणाऱ्याला द्यायच्या, म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररनेही ते लावलं आणि पुढे सगळ्यांनीच. क्रोमच्या ओळीत आजही ‘लाइक गेको’ (गेको हे फायरफॉक्सचं इंजिन) आणि ‘सफारी’ असे शब्द आहेत. माझ्या ॲपमध्येही मी असाच एक ‘इफ’ लिहिला होता. तो काढला आणि जी सोय हवी ती ब्राउझरमध्ये आहे का, एवढंच विचारायला लागलो.

पैशांचंही सांगतो. माझा लॅपटॉप 4 जीबीचा आहे आणि पाचव्या महिन्यात तो गुदमरायला लागला. रॅम वाढवायची तयारी मनाने केली होती. त्याआधी ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:प्रोसेसेस’ टाकून पाहिलं. कुठला टॅब किती मेमरी आणि किती सीपीयू खातो ते तिथे दिसतं. सगळ्यात वर होतं माझंच नोंदींचं ॲप. दर वेळी नोंद उघडली की आपोआप जतन करायला मी नवा ‘सेट-इंटरव्हल’ (ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा करणारा टायमर) सुरू करत होतो आणि जुना कधीच बंद करत नव्हतो. तासाभरात शेकडो टायमर आणि प्रत्येकाच्या हातात एकेक जुनी नोंद अडकलेली. जुना टायमर बंद करणारी ‘क्लिअर-इंटरव्हल’ची एक ओळ घातली. रॅमचे पैसे वाचले, लॅपटॉप अजून तोच आहे.

आधीचा ब्राउझर मी काढलेला नाही. माझी पानं दोन्हींकडे तपासतो, तारखांची तर आवर्जून. ‘चॅप्टर 3’ आता तळाशी असते आणि तारीख ओळखण्याचं काम मी स्वतः लिहिलेल्या नऊ ओळी करतात. त्यांना तारीख समजली नाही, तर का समजली नाही ते त्या नोंदीशेजारी लिहून ठेवतात.