नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेले आणि फसले, निदान तुम्ही तरी ती दुसरी स्क्रीन वाचा

थोडं लांब झालंय पण पूर्ण वाचा, कारण मी काही नवशिकी नाही, पंधरा वर्षं रोज कॉम्प्युटरवरच काम करते आणि तरीही एक फ्री सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना फसले.

दोन-तीन महिन्यांपूर्वी एका पीडीएफमधली तीन पानं वेगळी काढून पाठवायची होती, रात्री उशीर झालेला, सकाळी द्यायची होती. सर्च केलं, सगळ्यात वर फ्री म्हणून जे आलं ते डाउनलोड केलं (ती जाहिरात होती, हे मागाहून कळलं) आणि सेटअप चालू केला. भाषा कुठली, ओके. फोल्डर कुठला, नेक्स्ट. डेस्कटॉपवर शॉर्टकट हवा का, नेक्स्ट. लायसन्स मान्य आहे का, ॲक्सेप्ट. मग परत हुबेहूब तशीच स्क्रीन, तसाच बारीक मजकूर, खाली ॲक्सेप्ट आणि डिक्लाइन. मला वाटलं लायसन्सचंच पुढचं पान असेल, डिक्लाइन केलं तर इन्स्टॉलच बंद होईल, म्हणून ॲक्सेप्ट केलं. ते लायसन्स नव्हतंच, ती वेगळ्याच कंपनीच्या पीसी क्लीनरची, म्हणजे कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरची ऑफर होती. तिथे डिक्लाइन केलं असतं तरी माझं पीडीएफवालं सॉफ्टवेअर व्यवस्थित इन्स्टॉल झालं असतं!! त्यानंतर एक्स्प्रेस की कस्टम असं विचारलं, एक्स्प्रेसपुढे रेकमेंडेड लिहिलेलं आणि कस्टम इतकं फिकट राखाडी की ते दाबता येतं हेच कळू नये. ब्राउझरचं होमपेज आणि सर्च इंजिन बदलायच्या टिका त्या कस्टमच्या आत, आधीच मारून ठेवलेल्या.

सकाळी ब्राउझर उघडला तर होमपेज भलतंच, काही शोधलं की आधी सगळ्या जाहिराती, आणि कोपऱ्यात लाल पॉपअप की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजाराच्या वर एरर सापडल्यात. मी घाबरले, सगळं काम त्याच मशीनवर आहे माझं, म्हणून कार्डाचा नंबर टाकून पैसे भरले. एकदाच भरायचेत असं समजून भरले, पण पेमेंटच्या पानावर सगळ्यात खाली ऑटो रिन्यूअलची टिक होती, तीपण आधीच मारलेली. पुढच्या महिन्यात परत पैसे कापले गेले तेव्हा डोळे उघडले. बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, दुसऱ्या वेळचे पैसे परत मिळाले, पहिले गेले ते गेलेच.

मला राग पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या सेटअपने मला सात-आठ वेळा विचारलं हो, पण काय विचारलं तर फोल्डर आणि शॉर्टकट, ज्याने माझं काही बिघडणार नव्हतं आणि जे नंतर कधीही बदलता आलं असतं. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घालू का, तुझा ब्राउझर बदलू का, हे सरळ शब्दांत एकदाही नाही विचारलं. किरकोळ प्रश्न विचारून विचारून हाताला नेक्स्टची सवय लावायची आणि मग खरा प्रश्न त्याच बटणाखाली सरकवायचा, याला मी परवानगी म्हणत नाही, ही फसवणूकच आहे.

मशीन साफ करायला भाचा आला होता, त्याला म्हटलं अरे विंडोजनेपण विचारलं होतं की, स्क्रीन काळोखी करून, मी येस केलं होतं. तो म्हणाला, "मावशी, ते फक्त एवढंच विचारतं की या प्रोग्रॅमला बदल करू देऊ का, कुठले बदल ते नाही सांगत. तू एकदा येस केलंस की तो सेटअप पुढे जे जे चालवेल त्या सगळ्याला तीच परवानगी मिळते." हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. परवानगी विचारणारा हा प्रॉम्प्ट विंडोज व्हिस्टापासून आला, २००७ च्या सुमाराला, आणि तेव्हा तो इतक्या वेळा यायचा की लोक न वाचता येस करायला शिकले, शेवटी २००९ मध्ये विंडोज ७ मध्ये तो कमी करावा लागला. म्हणजे उठसूट विचारणं हापण उपाय नाही.

मग त्याने त्याच्या लॅपटॉपवर उबुंटूमध्ये (विंडोजऐवजी वापरतात ती दुसरी सिस्टिम) दाखवलं ते मला फार पटलं. तिथे सॉफ्टवेअर बसवायला-काढायला ॲप्ट नावाचं साधन आहे, त्याला एक सॉफ्टवेअर मागितलं आणि तेवढंच बसणार असेल तर ते काही न विचारता बसवतं, कारण तुम्हीच तर मागितलंय. पण त्याच्यासोबत आणखी काही येणार असेल किंवा काही काढावं लागणार असेल तर थांबतं, नावांची यादी दाखवतं, डिस्कवर किती जागा लागेल ते सांगतं आणि मग हो-नाही विचारतं. सिस्टिमचा अत्यावश्यक भाग काढायची वेळ आली तर कितीतरी वर्षं ते 'यस, डू ॲज आय से!' हे अख्खं वाक्य टाइप करायला लावायचं, नुसतं एंटर चालायचं नाही. मी मागितलं ते गुपचूप कर, मी मागितलं नाही ते करायच्या आधी थांब आणि नाव घेऊन विचार, एवढंच तर पाहिजे ना!

आणि नाही म्हटलेलं ऐकायलापण पाहिजे. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही म्युझिक सीडींमध्ये मीडियामॅक्स नावाचं कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे गाणी कॉपी करू न देणारं सॉफ्टवेअर होतं, लायसन्सला नकार दिला तरी ते आपल्या फाइली कॉम्प्युटरवर टाकून ठेवायचं. पार कोर्टकचेऱ्या झाल्या त्यावरून. आधीच मारलेल्या टिकेबद्दल तर युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला कुकीजच्या (वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या फाइली) एका केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की ती संमती धरता येत नाही. इन्स्टॉलर बनवणाऱ्यांना हे कळत नाही असं थोडंच आहे?

आता मी काय करते ते सांगते. सर्चमध्ये जाहिरात लिहिलेल्या लिंकवर जात नाही, ज्याने सॉफ्टवेअर बनवलंय त्याच्याच साइटवरून घेते. कस्टम फिकट दिसलं तरी तेच दाबते. स्क्रीनवर मी मागितलेल्या सॉफ्टवेअरचं सोडून दुसरं कुठलंही नाव दिसलं की डिक्लाइन, आणि डिक्लाइन केल्यावर सेटअप पुढेच जाऊ देत नसेल तर तो सेटअपच डिलीट. विंडोजच्या प्रॉम्प्टमध्ये पब्लिशर अननोन, म्हणजे बनवणारा कोण ते माहीत नाही असं आलं तर नो.

आणि ज्यांनी आधीच ॲक्सेप्ट दाबलंय त्यांनी मुख्य सॉफ्टवेअर काढून निवांत बसू नका, सोबत आलेलं त्याच्याबरोबर जाईलच असं नाही. प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी काय काय बसलंय ते बघा, ब्राउझरची एक्स्टेन्शन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) वेगळी तपासा, विंडोजमधला टास्क शेड्युलर, जो ठरल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवतो, तोपण उघडून बघा. माझ्याकडे क्लीनर काढून टाकला तरी तो दोन दिवसांनी परत हजर होत होता, तो तिथूनच. आणि अनइन्स्टॉल करतानापण बटणं वाचा, मी काढायला गेले तर मोठं हिरवं बटण ठेवून घ्या असं होतं आणि काढून टाका ही खाली बारीकशी लिंक होती.