बॉक्स मोठा करायला दिला, आतला स्पीकरच बदलला

गाडीचा सबवूफर बॉक्स, म्हणजे खालच्या पट्टीच्या जाड आवाजाच्या स्पीकरची पेटी, कुठेही कामाला द्या, पण सोबत स्पीकर ठेवून घरी येऊ नका. आधी हेच सांगतो. माझे ₹17,500 गेले. त्यात स्पीकर ₹11,200 चा, बॉक्सचं काम ₹4,800 आणि वर ‘अॅम्प सेटिंग’चे (अॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर) म्हणून ₹1,500.

जुना बॉक्स दहा इंची स्पीकरचा, पूर्ण बंद, पोर्ट म्हणजे हवेचं भोक नसलेला. त्यात बारा इंची बसवायचा होता. भोक सव्वानऊचं अकरा इंच करणं कुठलाही सुतार करेल, खरी अडचण आतल्या जागेची. नव्या स्पीकरच्या कागदावर बॉक्समध्ये 1.25 घनफूट जागा हवी असं लिहिलेलं आणि माझा बॉक्स जेमतेम 0.7 चा. बॉक्स आतून 14 बाय 14 इंच, म्हणजे पुढून पाच इंचांची चौकट जोडली की साधारण 0.57 घनफूट वाढतं आणि गणित जुळतं. हा हिशेब मी कागदावर मांडून नेला होता. ‘माहिती नसताना कशाला गेलास’ असं ऐकवणाऱ्यांना म्हणून सांगतोय. माहिती होती, तरी गंडवलं.

आमच्या पुण्यातलंच दुकान, बरीच वर्षं त्याच जागी, बाहेर गाड्यांची रांग. मालक म्हणाला, “साहेब, स्पीकर ठेवून जा, समोर धरल्याशिवाय कटिंग बरोबर येत नाही.” यात खोटं काहीच नाही. प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं, कापणारा स्पीकर मागतोच. मी ₹3,000 आगाऊ दिले आणि स्पीकर ठेवून आलो. अशा वेळी कुणीही हेच केलं असतं.

बॉक्स घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोराने तो एका हाताने उचलून डिकीत ठेवला. एका हाताने! हाच स्पीकर मी घरी खोक्यातून दोन हातांनी काढला होता, एवढं त्याचं मॅग्नेट जड. आता त्यात 18 मिमी एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी फळीची) नवी चौकटही आली होती. तो क्षण डोळ्यांसमोरून जात नाही. पण तेव्हा मालक बाजूला उभा राहून बिलाचं बोलत होता, लगेच गाणं लावलं, आवाज पूर्ण वर, काचा थरथरायला लागल्या. त्या गोंगाटात खरा काय नि खोटा काय, कोण ओळखणार? उरलेले पैसे तिथेच यूपीआयने गेले. बिल मागितलं तर “कच्चंच देतो, पक्क्याला जीएसटी लागेल”.

घरी आल्यावर खालच्या पट्टीचा आवाज फाटायला लागला म्हणून स्पीकर उतरवला. पुढची जाळी आणि कोन (आवाज काढणारा पडदा) हुबेहूब माझ्या स्पीकरसारखे. मागे मात्र सीरियल नंबरचं लेबलच नाही. रबरी वेष्टण सरकवलं तर आत बोटभर जाडीचं मॅग्नेट आणि बाकी पोकळ पत्र्याची वाटी. माझा स्पीकर दोन कॉइलचा (आत तारेची दोन वेटोळी), प्रत्येकी 4 ओहम, आणि प्रत्येक कॉइलला वायर जोडायच्या टर्मिनलांची एक जोडी. ओहम मोजायचा मीटर लावला तर एका जोडीवर 3.4 दाखवलं, म्हणजे ती ठीक, आणि दुसऱ्या जोडीवर काहीच नाही. त्या जोडीला आतून वायरच नव्हती, नुसती दिखाव्याची टर्मिनलं! चौकट भुशाच्या बोर्डाची निघाली, नखाने खरवडली तर दाणे पडत होते. सांध्यांना सिलिकॉनचा पत्ता नाही. एमडीएफची कड मऊ, एकसंध असते, भोकात हात घालून कुणालाही कळते. पैसे देण्याआधी तेवढं बघाच.

मालक म्हणाला, “तुम्हीच हा आणला होता.” खोक्यावरचा नंबर दाखवला तर, “खोकं कुणाचंही असू शकतं.”

मग चौकी. तिथे मला विचारतात, “एवढ्या मोठ्या आवाजाची गरज काय?” चोरीची तक्रार द्यायला आलेल्या माणसाला हा प्रश्न! नंतर म्हणे हा दिवाणी मामला, तुम्ही स्वतःच वस्तू दिलीत. विश्वासाने दिलेली वस्तू बदलून भलतीच परत करणं हा गुन्हा नाही तर काय आहे? लेखी अर्ज घ्यायलाही तयार नव्हते, पोच मागितल्यावर तर साहेब उठूनच गेले. ग्राहक मदतीच्या फोनवर तक्रार नोंदवली, काही दिवसांनी ‘समोरच्याकडून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद केली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आलो होतो! स्पीकरच्या कंपनीने ‘बाहेर काम केलंत, वॉरंटी संपली’ म्हणून हात झटकले. सगळे पगार घेतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि स्पीकरचं मूळ बिल एवढं माझ्या हातात आहे. स्पीकर देण्याआधी मागच्या लेबलचा फोटो दुकानातच काढून मालकाला पाठवला असता, तर ‘तुम्हीच आणला’ म्हणायला त्याला तोंड उरलं नसतं. तुम्ही तो काढाच, आणि कापायचं असेल तर स्पीकरऐवजी कंपनीचा मापाचा कागद द्या, त्यात भोकाचं माप छापलेलं असतं.

ज्यांनी कुठेही असा बॉक्स वाढवून घेतला आहे त्यांनी आजच स्पीकर उतरवून लेबल खोक्याशी ताडून बघा आणि टर्मिनलांच्या प्रत्येक जोडीवर मीटर लावा.