व्हिपल ऑपरेशननंतर घेतलेलं दुसरं मत: परळच्या टाटा हॉस्पिटलचा अनुभव

माझ्या यजमानांच्या पोटातली कॅन्सरची गाठ काढायला व्हिपल नावाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन झालं, आता दुसरं मत घेऊन काय उपयोग, असं आम्हाला घरातल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारलं. ऑपरेशन मागे फिरवता येत नाही, हे खरं. पण त्यानंतर केमो द्यायची का, कोणती, कधी, रेडिएशन लागेल का, हे सगळं ठरायचं असतं, आणि ते ठरतं पॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीच्या, एका रिपोर्टवर. तो रिपोर्ट दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी बघावा म्हणून आम्ही परळला गेलो. गेलो नसतो तर यांना न पेलणारी केमो सुरू झाली असती, असं मला आज ठामपणे वाटतं.

आम्ही बार्शीचे. यांची मार्केट यार्डात तुरीची अडत. सुगीच्या गडबडीत डोळे पिवळे दिसायला लागले, लघवी गडद, अंगाला रात्रभर खाज. सगळ्यांनी काविळीचं झाडपाल्याचं औषध सुचवलं, पण धाकट्या दिरांनी हट्टानं सोनोग्राफी करायला लावली, मग सीटी स्कॅन, तुंबलेलं पित्त वाहतं करायला आत बसवलेली नळी म्हणजे स्टेंट, आणि पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात व्हिपल. अमेरिकन सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेलं हे ऑपरेशन आजही पोटाच्या सर्वांत अवघड ऑपरेशनांत धरतात. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात आणि मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला नव्यानं जोडतात. यांचा स्वादुपिंडाचा जोड गळला. पोटातून बाहेर काढलेल्या नळीतल्या, म्हणजे ड्रेनच्या, पाण्यातलं अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम रक्तातल्या नेहमीच्या कमाल पातळीच्या तिपटीच्या वर गेलं की त्याला गळती म्हणतात. ड्रेन तीन आठवड्यांच्या वर ठेवावा लागला, म्हणजे ती 'ग्रेड बी', मधल्या पातळीची गळती. वजन झरझर उतरलं, सदरा अंगावर लोंबायला लागला.

अशा अवस्थेत तिथल्या केमोच्या डॉक्टरांनी फॉल्फिरिनॉक्स सुचवली. तीन औषधांचं मिश्रण, दर दोन आठवड्यांनी, एकूण १२ वेळा, प्रत्येक वेळी शेवटचं औषध पंप लावून ४६ तास. रिपोर्टमध्ये गाठ स्वादुपिंडाची लिहिली होती, आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर ही केमो चांगली असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय, हे बरोबर. पण त्या अभ्यासात हिंडते-फिरते, तब्येत सावरलेलेच पेशंट घेतले होते. हे तर भिंत धरून बाथरूमला जात होते. शिवाय "उशीर झाला तर केमोचा उपयोग नाही" हे वाक्य रोज कानावर. माझी झोप उडाली ती त्या वाक्यानं.

सर्जनना मी सरळ विचारलं, "डॉक्टर, आम्हाला टाटाला एकदा दाखवायचं आहे, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?" ते म्हणाले, "ताई, जरूर दाखवा, मी ऑपरेशनची सगळी टिपणं देतो." आणि दिली, कुठून काय काढलं, कुठे कसा जोड दिला, सगळं स्वच्छ लिहून. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसणाऱ्या बायका मी त्या वॉर्डात पाहिल्या, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. खरा वेळ गेला लॅबकडून ब्लॉक मिळवण्यात. अर्ज द्या, ओळखपत्र द्या, उद्या या, साहेब नाहीत.

ब्लॉकबद्दल नीट सांगते, कारण सगळं तिथेच आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, ते ब्लॉक. त्यांचे पातळ काप रंगवून काचेवर चढवतात, त्या स्लाइड. दुसरा पॅथॉलॉजिस्ट नुसता छापील रिपोर्ट वाचून काही सांगू शकत नाही, त्याला स्लाइड बघाव्या लागतात, आणि नवीन रंगचाचण्या करायच्या असतील तर ब्लॉकच लागतात. ब्लॉक लॅब वर्षानुवर्षं ठेवते. पण फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला उरलेला अवयव थोड्याच आठवड्यांनी टाकून देतात. त्यातून आणखी लसिका गाठी (लिम्फ नोड, कॅन्सर पसरलाय का ते यांत बघतात) शोधायच्या असतील तर ते आधीच करावं लागतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच लेखी अर्ज द्या.

यांना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून आधी 'नव्या' या ऑनलाइन सेवेवरून मत मागवलं. ही सेवा टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांशी जोडलेली आहे. हे ग्रिड २०१२ मध्ये सुरू झालं, देशभरची कॅन्सर हॉस्पिटलं त्यात आहेत. कागद अपलोड करायचे, प्रश्न लिहायचे, उत्तर लेखी येतं. माझ्या मुलीनं सगळं चढवलं. उत्तर नेमकं होतं: तब्येत सुधारल्याशिवाय तीन औषधांची केमो नको, आणि गाठीचं मूळ ठरवण्यासाठी स्लाइडची फेरतपासणी करून घ्या. घरबसल्या एवढं कळणं ही मोठी सोय आहे. मात्र ते मत तुम्ही चढवलेल्या कागदावरचं असतं. कागदच चुकला असेल तर तिथे बसून कुणालाही ते दिसणार नाही. म्हणून आम्ही पुढची पायरी चढलो.

दीर आणि मी कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली, यांना घरीच ठेवून. ब्लॉकचा डबा मी रात्रभर मांडीवर धरून होते. टाटामध्ये गर्दी असते, देशभरातून माणसं येतात, आणि दिवस तिथेच घालवायचा या तयारीनंच जावं. एकदा नोंदणी झाली की फाइल नंबर मिळतो, स्मार्ट कार्डात पैसे भरायचे आणि प्रत्येक खिडकीवर त्यातूनच वजा होतात, त्यामुळे पैसे मोजत धावावं लागत नाही. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टनं सुरू केलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, म्हणजे सरकारी. तरी मला माणसांत सरकारी कंटाळा दिसला नाही. ब्लॉक घेणाऱ्या बाईंनी प्रत्येक ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहिला, एक नंबर पुसट होता तर भिंगातून वाचला. मला तिथेच विश्वास बसला.

फेरतपासणीत निघालं ते असं: गाठ स्वादुपिंडात उगवलेलीच नव्हती. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे आतड्यात उघडते, त्या अ‍ॅम्पुलामध्ये ती होती, आणि पेशींचा प्रकार आतड्यासारखा. एवढ्याशा जागेत चार वेगवेगळे कॅन्सर होऊ शकतात: स्वादुपिंडाच्या डोक्याचा, पित्तनलिकेचा, अ‍ॅम्पुलाचा आणि ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा. ऑपरेशन चौघांना तेच. पुढची चाल वेगळी, आणि अ‍ॅम्पुलाचा, त्यातही आतड्यासारख्या पेशींचा, स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेक्षा साधारणपणे बरा. पहिल्या लॅबनं हयगय केली असं मी म्हणत नाही. गाठ वाढली की सीमा पुसट होतात, आणि रोज याच गाठी पाहणाऱ्याला जे दिसतं ते इतरांना दिसेलच असं नाही. पण म्हणूनच तर जावं.

मग जॉइंट क्लिनिक. सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकाच खोलीत बसून फाइल बघतात, आणि ठरतं ते तिघांचं मिळून ठरतं. वेळ थोडा मिळतो, म्हणून प्रश्न लिहून न्या. मी वहीच्या पानावर लिहून नेले होते, डॉक्टरांनी ते पान हातात घेऊन एकेकाला उत्तर दिलं. रेडिएशनची गरज नाही. केमो हवी, पण केपसिटाबिन-ऑक्सालिप्लॅटिन, दर तीन आठवड्यांनी एकदा सलाइन आणि १४ दिवस गोळ्या. अ‍ॅम्पुलाच्या कॅन्सरमध्ये केमोच्या फायद्याचा पुरावा स्वादुपिंडाइतका भक्कम नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. उशिराबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, स्वादुपिंडाच्या पेशंटांचा अभ्याससुद्धा हेच सांगतो की लवकर सुरू करण्यापेक्षा सगळे डोस पूर्ण होणं महत्त्वाचं, ऑपरेशननंतर १२ आठवड्यांपर्यंत थांबायला हरकत नाही, आधी त्यांना जेवू घाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं ते विश्लेषण मुलीनं नंतर शोधून मला मराठीत समजावलं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले.

जेवण्याचा गुंताही तिथेच सुटला. शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी होते का, असं आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं. होतच होती, आणि आम्ही ती ऑपरेशननंतर व्हायचीच असं धरून चाललो होतो. पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल यांना आधीपासून दिलेल्या, पण हे त्या जेवण झाल्यावर घ्यायचे. पहिल्या घासाबरोबर एक, जेवणाच्या मध्ये दुसरी, दूध घेतलं तरी एक, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्या बदलानं वजन थांबलं आणि मग चढलं. शेंगाची चटणी आणि भाकरी पुन्हा यांच्या ताटात आली.

केमो आम्ही परळला घेतलीच नाही. योजना तिथली, औषध आमच्या गावात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी टाटाच्या मदतीनं बार्शीतच सुरू झाली, तेव्हापासूनचं हे नातं. मतासाठी लांब जावं, पण उपचारासाठी घर सोडावंच लागतं असं नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

जाणाऱ्यांसाठी: पहिल्या फेरीत पेशंटला नेण्याची घाई करू नका, ब्लॉक, स्लाइड, सीटीची सीडी, ऑपरेशनची टिपणं आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जवळचं माणूस गेलं तरी काम सुरू होतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, जागेची चौकशी निघण्याआधी करा. पेशंटला न्यावं लागलं तर हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के.